मोकळी बाजू

आमच्या घरमालकांना मागचं दार लावलेलं चालायचं नाही. वाऱ्यानं आपटून आपटून त्याची चौकट खिळखिळी झाली होती, मांजरं येऊन दुधाची पातेली चाटून जायची, एकदा तर शेजारचं रेडकू थेट स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं होतं. दार उघडं ते उघडंच. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, तेव्हा चोरीच्या भीतीनं पहिल्याच आठवड्यात खाली उतरून त्या दाराला कडी घातली. सकाळी जिन्याखालून हाक आली, "डाक्टर, कडी कुणी घातली? हे घर हाय का पिंजरा?"

मी जनावरांची डॉक्टर आहे. कोल्हापूरच्या कडेला, पन्हाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. मूळचे ते कोडोलीचे. गावभर त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणायची. गेलेल्या माणसावर लिहिताना लोक हळवे होतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे आणि तो उतरायचं नाव घेत नाही. राग आबांवर नाही. कुणावर ते पुढं येईलच.

आबा बरीच वर्षं दूध संस्थेवर होते आणि त्या काळात त्यांचं भांडण झालं नाही असा माणूस पंचक्रोशीत नसेल. त्यांचा आवाज मुळातच वरच्या पट्टीतला. खासगीत काही सांगायचं म्हणाले तरी समोरच्या किराणा दुकानात ते कळायचं. पण त्यांच्या भांडणाची एक रीत होती. समोरच्याला बोलून बोलून पार भिंतीला टेकवायचे, आणि तो आता रडतो की मारतो अशा टोकाला आला की एकदम आवाज खाली आणायचे. "बरं. आता तुजं काय म्हणणं हाय ते सांग. सांगायचं नसंल तर मागचं दार उघडं हाय." दुधात पाणी घालताना सापडलेला एक जण असाच त्या दारानं गेलेला मी पाहिला आहे. तो गेल्यावर आबांनी चहा मागवला आणि त्या माणसाचा विषय पुन्हा कधीही काढला नाही. मी एकदा मुद्दाम काढला, तर म्हणाले, "कोण? मला काय आठवत न्हाय."

हे सगळं आलं होतं त्यांच्या मामाकडून. मामाचं गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला, रानात. शिकारीवर बंदी यायच्या आधी तिथं रानडुकरांचा हाका व्हायचा. माणसं डबे बडवत एका अंगानं रान उठवायची आणि दुसऱ्या अंगाला बंदुकवाले बसायचे. मामाचा नियम असा की एक बाजू कायम मोकळी सोडायची. तिथं बंदूक नाही, कुत्रं नाही, साधा डबेवालासुद्धा नाही. "तिकडनं गेलं ते त्येच्या नशिबाचं," आबा सांगायचे. "मामा म्हणायचा, चारी अंगानं कोंडून मारलं तर ती शिकार न्हाय, तो कसाईखाना हाय." आबा विशीपर्यंत हाक्याला जायचे ते डबा बडवायला. बंदूक हातात मिळायच्या आत कायदा आला. कायदा आला ते बरंच झालं, असंही तेच म्हणायचे. तरी मनातून एक गोष्ट गेली नव्हती. जन्मात एकदा, स्वतःच्या हातानं, एकच जनावर.

मी यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडले आहे. मी रात्रंदिवस अडलेल्या म्हशी सोडवायच्या आणि यांनी मारायची हौस बाळगायची. मी म्हटलं, "मारायची हौस कसली आबा? लाज वाटत नाही?" ते शांतपणे म्हणाले, "वाटती की. तू भांड. तुजंच बरोबर हाय." एवढं मान्य केलेल्या माणसाशी पुढं कसं भांडायचं ते मला कधी समजलं नाही.

तसा जनावरांवर त्यांचा जीव किती, हे दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या कोल्हापूरला दिसायचं. त्या दिवशी इथं म्हशी सजवून पळवतात. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं सुटतो आणि त्या आवाजामागं म्हैस गर्दीतून वाट काढत धावते. आबांच्या म्हशीची शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं बांधलेली, आणि पुढं पंच्याहत्तरीला टेकलेला हा माणूस खटाऱ्यावर बसून ओरडत चाललेला. इतर दिवशीही तो खटारा दोन गल्ल्या लांब वाजला की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून मान वर करायची. "बघ, मला वळखती," आबा म्हणायचे. मी म्हणायची, "तुम्हाला नाही, पेंडीला ओळखते. तुम्ही आलात की पेंड मिळते, एवढंच तिला ठाऊक." यावरून ते माझ्याशी दिवसभर बोलत नसत.

तिच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला मारायला मी गेले तेव्हाही त्यांनी गोंधळ घातला. "कानाला भोक कशाला? गळ्यात बांध की." शेवटी स्वतःच तिचा कान धरून उभे राहिले, चिमटा दाबला तेव्हा डोळे मिटले, आणि पुढं कितीतरी दिवस त्या भोकाला हळद लावत होते. जनावराजवळ गेलं की पहिल्यांदा कान धरायची सवय त्यांना तेव्हापासून लागली.

आता चिरंजीव. आबांना एकच मुलगा. खडी क्रशर, प्लॉट, आणि येत्या निवडणुकीत उभं राहायची तयारी. त्यांचा वाढदिवस एका दिवसाचा असला तरी चौकातल्या फ्लेक्सवर तो महिनाभर चालतो. वडिलांच्या पंच्याहत्तरीला काहीतरी दणक्यात करायचं म्हणून त्यांनी आफ्रिकेची सफारी काढली. तिथं परवाना काढून शिकार करता येते. आबांना हे कळलं तेव्हा ते व्हरांड्यात तीनदा उठले आणि तीनदा बसले.

पुण्याचा एक एजंट लॅपटॉप घेऊन आला. मला आबांनी वरून बोलावून घेतलं, इंग्रजी वाचायला म्हणून. एजंट गोड बोलणारा होता. "काका, पहिलीच सफारी आहे ना, मग तुम्ही रँच घ्या. म्हणजे कुंपणाच्या आतली शिकार. जनावर शंभर टक्के मिळतं, चालणं फारसं नाही, राहायची सोय उत्तम, डॉक्टर जवळ. दुसरं आहे मोकळं रान. तिथं कुंपण नसतं. दिवसचे दिवस चालायचं, आणि शेवटी रिकाम्या हातानं परत यायचीही तयारी ठेवायची."

"शंभर टक्के मिळतं म्हंजे?" आबांनी विचारलं. "त्येला सांगून ठेवल्यालं असतंय?"

एजंट हसला. "कुंपण असलं तरी एवढं मोठं असतं काका, की तुम्हाला दिसणारसुद्धा नाही."

"मला न्हाय दिसणार. जनावराला दिसतंय की."

खरं सांगायचं तर मीही कुंपणाच्या बाजूनं बोलले. आबांचे गुडघे गेलेले होते. शिवाय मारायचंच ठरलं असेल तर कुंपणात निदान जखमी जनावर हरवत नाही, रानात दिवसेंदिवस तडफडत फिरत नाही. आबांनी माझं नीट ऐकून घेतलं. मग चिरंजीवांकडं बघून म्हणाले, "कुंपणातलं मारणारा वाईट, असं मी म्हणत न्हाय. त्येला ठावं असतंय तो काय करतोय. मला ते नको. माज्या हातनं सुटायला त्येला वाट पायजे. सुटलं तर सुटलं. मी हात हलवत येतो आणि चौकात सांगतो, सुटलं म्हणून. त्यात काय लाज हाय?"

"बरं आबा, तुम्ही म्हणाल तसं," चिरंजीव म्हणाले. "मोकळं रान तर मोकळं रान."

एजंटाला सोडायला चिरंजीव बाहेर गाडीपर्यंत गेले आणि बराच वेळ बोलत उभे राहिले. मला वरच्या गॅलरीतून दिसत होतं. तारखा ठरवत असतील असं मला वाटलं.

पुढचे तीन महिने आबा गुडघ्यांना पट्टे बांधून रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारत होते. भेटेल त्याला थांबवून सांगत, "मोकळ्या रानात चाललोय, कुंपण न्हाय." गंमत म्हणजे त्यांनी शिकार मिळाल्यावर काय बोलायचं याची तयारी केलेली नव्हती, सुटल्यावर काय बोलायचं याची केली होती. चहाच्या गाड्यावर बसून ते सुटलेल्या जनावराची गोष्ट आधीच सांगत. ते कसं दिसलं, कसं वाऱ्याला नाक लावून उभं राहिलं, आणि बंदूक उचलेपर्यंत कसं गेलं. शेवटी दोन्ही हात पसरून म्हणत, "सुटलं." त्या वेळी त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून गाडीवाला म्हणायचा, "आबा, मग जाताय कशाला? हितंच सुटलं की."

बापलेक गेले आणि आठवड्यातच गावातल्या सगळ्यांच्या फोनवर फोटो आला. लांब पिळाच्या शिंगांचं एक देखणं जनावर पडलेलं, त्याला कुडू म्हणतात. त्यामागं बंदूक घेऊन बसलेले आबा आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसणारे चिरंजीव. आबा हसत नव्हते. दमले असतील असं सगळे म्हणाले.

परत आले त्या दिवशी दारात हलगी, फटाके, पेढे. आबा गाडीतून उतरले, घातलेला हार तसाच गळ्यात ठेवून घरात गेले, पाय धुतले आणि मागचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज मला वर ऐकू आला. मी कडी घातली होती त्या रात्रीनंतर इतक्या वर्षांत तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होते.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं. फोन पुढं केला, तोच फोटो. "कान मोठा कर," म्हणाले. मी बोटांनी फोटो ताणला. डाव्या कानाच्या मधोमध एक गोल भोक होतं.

"हे काय हाय?"

"बिल्ल्याचं भोक आहे, आबा. बिल्ला काढून टाकलाय."

"काटा लागला असंल."

"काट्यानं कान फाटतो. हे गोल आहे, कडा भरून आल्या आहेत. लहानपणीच मारलेलं आहे कुणीतरी. मी रोज तेच काम करते."

त्यांनी मान हलवली. त्यांना ठाऊक होतंच, मला फक्त साक्षीला बोलावलं होतं. मग त्यांनी सांगितलं, आणि पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला पुढं वाकावं लागलं.

"आमची गाडी वाजली आणि त्येनं मान वर केली. पळालं न्हाय. सरळ माज्याकडं बघत उभं ऱ्हायलं. मला वाटलं, काय छातीचं जनावर हाय. मी गोळी घातली, डाक्टर. मग जवळ गेलो, सवयीनं कान धरला, तर बोट आरपार गेलं. आणि मला आपली म्हस आठवली. ते गाडीची वाट बघत हुतं गं. पेंड आली म्हणून बघत हुतं."

"चिरंजीवांना विचारलंत?"

"विचारलं की. म्हणाला, आबा, तुमच्या गुडघ्यासाठी केलं, कुणाला कळतंय." त्यांनी फोन माझ्याकडून काढून घेतला. "गुडघ्यासाठी केलं असतं तर आधी सांगितलं असतं. मी गेलोच नसतो."

मला शिकार पटत नाही, हे मी वर सांगितलंच आहे. पण त्या व्हरांड्यात मला जो संताप आला तो जनावर मेलं याचा नव्हता, निदान तेवढाच नव्हता. माणसानं जन्मभर एक गोष्ट पाळली, आणि ती मोडायला लावणारा पोटचा मुलगा. तेही विश्वासानं हातात घेतलेल्या बंदुकीनं. चिरंजीवांना बापाचे गुडघे दिसले आणि बाप दिसला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ मी गप्प बसले असते. आठवड्यानं चौकात फ्लेक्स लागला. 'आफ्रिकेच्या मोकळ्या रानात शिकार करून कोल्हापूरचं नाव उंचावल्याबद्दल आबांचं हार्दिक अभिनंदन.' आबांपेक्षा चिरंजीवांचा चेहरा मोठा, वर नेत्यांच्या फोटोंची रांग. वनखात्याचा एक माणूस चौकशीला आला, परदेशातलं आहे म्हटल्यावर चहा पिऊन गेला. मी मात्र कुडूच्या कानाकडं बघत उभी राहिले. कान साबूत होता. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून, निगुतीनं, केसाला केस जुळवून ते भोक बुजवलं होतं. म्हणजे चिरंजीवांनाही ते दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या दारात. "तुजा तो चिमटा घे. आणि एक बिल्ला."

सरकारी बिल्ला असा कुणाला देता येत नाही. पण नंबर पुसट छापला गेल्यानं बाद झालेले काही माझ्या पेटीत पडून असतात. त्यातला एक घेतला. चौकात चहाच्या गाडीवाल्याकडून आबांनी फ्लेक्सच्या दोऱ्या सोडवल्या आणि तो रस्त्याच्या कडेला अंथरला. जनावर छापून खऱ्याएवढंच झालेलं होतं. आबा गुडघे धरत खाली बसले, कुडूचा कान त्यांनी चिमटीत धरला, म्हशीचा धरला होता तसाच, आणि म्हणाले, "मार." मी चिमटा दाबला. खटकन आवाज झाला. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

फ्लेक्स पुन्हा वर चढला तेव्हा गर्दी जमली होती आणि हसत होती. आबांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "हे जनावर पाळलेलं हाय. कुंपणातलं. मोकळं रान म्हणून मला नेलं आणि ह्येला मारायला लावलं." हसणं थांबलं. तेवढ्यात चिरंजीवांची गाडी आली.

"आबा, चला घरी. लोक बघालेत."

"बघू देत. तू हितं सांग, कुंपणातलं हुतं म्हणून. एवढं सांग. बिल्ला मी सोता काढतो, आणि परत ह्यो विषय माज्या तोंडातनं येणार न्हाय."

पोटच्या पोराला चौकात भिंतीला टेकवून झालं होतं आणि आता नेहमीप्रमाणं एक बाजू मोकळी ठेवली होती. चिरंजीवांनी त्या बाजूकडं बघितलंसुद्धा नाही. लोकांकडं वळून ते हसले. "वय झालंय. गोळ्या चालू हाईत त्यांच्या. मनावर घिऊ नका." आणि आबांचा दंड धरला.

गर्दीनं माना हलवल्या. त्या गर्दीत आबांच्या मागच्या दारानं गेलेले निदान चौघे तरी मला दिसत होते, तो दुधात पाणी घालणाराही होता. त्यांनीही हलवल्या. मी ओरडून सांगितलं की मी डॉक्टर आहे, ते भोक मी पाहिलं आहे. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमी जनावरांच्या डॉक्टर."

त्यानंतर आबा भांडायचे थांबले. संस्थेच्या बैठकीत एकदा काही बोलायला उठले तर शेजारच्यानं प्रेमानं हात धरून खाली बसवलं. घरी येऊन मला म्हणाले, "डाक्टर, आता मी काय बी बोललो तरी वयच बोलतंय. चारी अंगानं कोंडलं की मला." थंडीत ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. माझं मत कुणी विचारलेलं नाही. महिन्याभरात चिरंजीवांनी मागचं दार काढून तिथं विटांची भिंत बांधून घेतली.

परवा एका गाभण म्हशीला बघून परत येत होते. चौकात नवा फ्लेक्स लागलेला दिसला. आबांचं पहिलं पुण्यस्मरण. तोच फोटो, खाली 'मोकळ्या रानाचा राजा', आणि कुडूचा कान पुन्हा साबूत.

मी गाडी कडेला लावली. दोऱ्या सोडायला चहाचा गाडीवाला न सांगता आला. "काय करालाय डाक्टर?" एका ओळखीच्यानं विचारलं. म्हटलं, "बिल्ला मारतेय. पाळीव जनावर आहे." भर दुपार होती, चौक भरलेला होता. मी चिमटा दाबला, बिल्ला बरोबर भोकाच्या जागी बसला.

घरी पोचेपर्यंत चिरंजीवांचा फोन. "मॅडम, काय लावलंय हे? वडील गेलेत माझे. आत्ताच्या आत्ता ते काढायचं, न्हायतर घर खाली करा."

"घर खाली करते," मी म्हटलं. "बिल्लाही काढते. आबांची अट तुम्हाला ठाऊक आहे. चौकात या आणि एक वाक्य बोला."

त्यांनी फोन ठेवला. मी सामान बांधायला घेतलं आहे. चिमटा तेवढा अजून बाहेर आहे, कारण आज ना उद्या साबूत कानाचा नवा फ्लेक्स छापून येणार हे मला माहीत आहे. माझ्या हाती असतं तर मी त्या माणसाला चारी बाजूंनी कोंडलं असतं. पण चौकातली ती एक बाजू आबांनी मोकळी ठेवली होती, आणि मी ती अडवलेली नाही.